डेबियनची स्वयंचलित स्थापना मध्येच अडते तेव्हा

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थापनेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवणारी साधी मजकूर-फाइल म्हणजे 'प्रीसीड'. ती नीट वाचली गेली तर शेकडो संगणकांवर माणसाच्या हस्तक्षेपाविना प्रणाली बसते, आणि एखादे उत्तर सापडले नाही तर स्थापना त्या प्रश्नाशी थांबून राहते.

भाषा आणि कळफलक यांविषयीचे प्रश्नच पुन्हा विचारले जात असतील, तर त्याचे कारण बहुधा क्रमात असते: फाइल नेटवर्कवरून यायची असल्यास हे प्रश्न नेटवर्क जोडले जाण्यापूर्वीच येतात, म्हणून त्यांची उत्तरे बूटच्या आज्ञा-ओळीत द्यावी लागतात किंवा तेथे 'ऑटो' हा पर्याय देऊन ते प्रश्न पुढे ढकलावे लागतात.

दुसरा दोष डोळ्यांना सहज दिसत नाही. प्रत्येक ओळीत उत्तराचा प्रकार आणि प्रत्यक्ष उत्तर यांमध्ये एकच रिकामी जागा अपेक्षित असते. जास्तीची जागा उत्तराचाच भाग मानली जाते आणि बरोबर दिसणारे उत्तर चुकीचे ठरते.

अशा वेळी ऑल्ट आणि एफ४ या कळा एकत्र दाबल्यास नोंदींचा, म्हणजे लॉगचा, पडदा उघडतो, तर ऑल्ट आणि एफ२ दाबल्यास आज्ञा देण्यासाठी शेल मिळते; अडलेल्या क्षणापूर्वीच्या शेवटच्या काही नोंदी वाचल्यास फाइल मिळालीच नाही की मिळूनही चुकीची निघाली, हे बहुतेक वेळा कळते.