ऑपरेशननंतरही नाक चोंदलेलेच का?

नाकाच्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे श्वास कोंडतो तो बहुधा आतली सूज आणि रक्ताच्या खपल्यांमुळे. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नाक धुतले की खपल्या सुटतात. अडथळा महिनोन्‌महिने टिकला, तर कारण वेगळे असते. नाकपुडीच्या जरा वर, मधला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यात श्वासमार्गाची सर्वांत अरुंद फट असते. कूर्चा जास्त कापली गेली, तर जोरात श्वास घेताच ही भिंत भिजलेल्या कागदी स्ट्रॉसारखी आत ओढली जाते. गाल बोटांनी बाहेर ताणल्यावर श्वास मोकळा झाला, तर दोष बहुधा इथेच. मग पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतलेली कूर्चेची पट्टी तिथे आधाराला शिवतात. चोंदलेले नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र दिवसेंदिवस घालत राहू नयेत. त्यांनीच नाक पुन्हा चोंदते.