शरीराचा हिशेब : जी. एन. साईबाबा आणि तुरुंगातील अपंगत्व

अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने जगता यावे म्हणून तिच्या भोवतालात जो आवश्यक आणि झेपण्याजोगा बदल करावा लागतो, त्याला कायद्याच्या परिभाषेत ‘वाजवी सोय’ म्हणतात. ती सवलत नव्हे आणि दयाही नव्हे, उलट ती नाकारणे हाच भेदभाव ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, आणि त्या कराराचा १४ वा अनुच्छेद ही सोय कैद्यालाही देऊ करतो. महाराष्ट्रात या तत्त्वाची सर्वांत कठोर कसोटी नागपूर मध्यवर्ती कारागृहात लागली, ती दिल्ली विद्यापीठाच्या राम लाल आनंद महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या निमित्ताने.

आंध्र प्रदेशातील अमलापुरम परिसरात जन्मलेल्या साईबाबांना बालपणीच पोलिओ झाला होता. त्यांचे अपंगत्व ९० टक्के होते आणि चाकाच्या खुर्चीवाचून त्यांना हालचाल करता येत नसे. त्यांचा व्यवस्थेशी संघर्ष मात्र अपंगांच्या प्रश्नावरून नव्हे, तर आदिवासींच्या प्रश्नावरून झाला. गोंदियापासून गडचिरोली आणि बस्तरपर्यंत जो जंगलपट्टा पसरला आहे, त्यात २००९ पासून ‘ऑपरेशन ग्रीन हंट’ या नावाने ओळखली जाणारी माओवादविरोधी मोहीम चालली, आणि तिचा भार आदिवासींवर पडतो व तिच्या आडून खनिजांची भूमी मोकळी केली जाते, असे साईबाबा जाहीरपणे मांडत.

बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याच्या आरोपावरून ९ मे २०१४ रोजी त्यांना दिल्लीत अटक झाली, आणि ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजेच यूएपीएखाली, त्यांना जन्मठेप सुनावली. आरोपी शरीराने अपंग असला तरी बुद्धीने सक्षम आहे, त्यामुळे अपंगत्व हे सौम्य शिक्षेचे कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत दिसते: शिक्षा किती असावी हा एक प्रश्न, आणि ती भोगणाऱ्या शरीराला शौचालयापर्यंत जाता येते की नाही हा दुसरा, पहिल्याचे उत्तर दिल्याने दुसरा निकालात निघत नाही. योगायोग असा की अपंग हक्क अधिनियम, २०१६ त्यानंतर सहा आठवड्यांनी, १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला.

नागपूर कारागृहातील अतिसुरक्षित ‘अंडा सेल’मध्ये त्यांना ठेवले होते. तेथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार नव्हता, वापरता येईल असे शौचालय नव्हते, हे त्यांनी सुटकेनंतर सांगितले. जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी प्रकृतीच्या कारणास्तव त्यांच्या सुटकेची मागणी केली. ऑगस्ट २०२० मध्ये आईचे निधन झाले, पण अखेरच्या भेटीसाठी त्यांना पॅरोल मिळाला नव्हता. मे २०२२ मध्ये कोठडीतील शौचालयाच्या जागेवर रोखलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याविरुद्ध त्यांनी उपोषण केले. ज्या माणसाला नैसर्गिक विधींसाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या बाबतीत ही पाळत काय असते, हे वेगळे सांगायला नको.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषमुक्त केले, पण दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या निकालाला स्थगिती दिली. त्या सुनावणीत अशा गुन्ह्यांमध्ये मेंदूच अधिक धोकादायक असतो, असे तोंडी मत खंडपीठाकडून व्यक्त झाले, आणि पुन्हा एकदा मेंदूच्या चर्चेत शरीर मागे राहिले. फेरसुनावणीनंतर ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने साईबाबांसह सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. सहआरोपींपैकी गडचिरोलीचे आदिवासी पांडू नरोटे तोपर्यंत हयात नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला होता.

साईबाबांना महाविद्यालयाने २०२१ मध्येच सेवेतून काढले होते. सुटकेनंतर सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, हैदराबादमध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे त्यांचे निधन झाले, आणि आयुष्यभर ज्याचा हिशेब कोणी धरला नाही ते शरीर वैद्यकीय शिक्षणासाठी दान करण्यात आले. त्यांना न मिळालेल्या अशाच सोयींबाबत त्यांच्या निधनानंतर, जुलै २०२५ मध्ये, तमिळनाडूतील एका अपंग वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यातील तुरुंगांना उतार, वापरण्याजोगी शौचालये आणि सहायक साधने यांची व्यवस्था करण्याचे निर्देश दिले.