चिवड्याच्या डब्याबरोबर एक कागद

गेल्या सोमवारी एक गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला, सप्टेंबरात पुढच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडला निघालेला. छातीचा एक्स-रे झाला होता. (सहा महिन्यांहून अधिक राहायचे तर ब्रिटन आपल्या विद्यार्थ्यांकडून क्षयरोग नसल्याचा दाखला मागते, आणि तो त्यांनी नेमलेल्या केंद्रातूनच घ्यावा लागतो.) वडिलांच्या खिशात सामानाची यादी होती. कुकर, भाजणी, गोडा मसाला, चिवडा. मला म्हणाले, "डॉक्टर, वर्षभराच्या गोळ्या लिहून द्या. अँटिबायोटिकसुद्धा. तिकडचा डॉक्टर परवडत नाही म्हणतात."

हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकले आहे, म्हणून आज हा विषय.

माझी थोरली मुलगी 2022 साली जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी एडिंबराला गेली. ऑक्टोबरपर्यंत सारे छान होते. प्रयोगशाळेतली यंत्रे, थंडी, बसमधली माणसे, सांगायला रोज काहीतरी नवे. नोव्हेंबरपासून फोन आखडू लागले. "ठीक आहे, बाबा" एवढेच. पाय दुखतात म्हणाली, जिने चढवत नाहीत म्हणाली. सकाळी अकरापर्यंत झोपते, हे मला आवडले नाही. मी काय सांगितले असेल? "आळस सोड, अभ्यासात मन घाल. एवढे कर्ज काढून पाठवलंय." तीस वर्षे दवाखाना चालवणारा माणूस हे बोलला, वाचकहो.

जानेवारीत एका संध्याकाळी तिच्या फोनवरून शेजारच्या खोलीतली नायजेरियाची मुलगी बोलली. "काका, ही नऊ दिवस प्रयोगशाळेत गेलेली नाही. जेवतही नाही. मी उद्या हिला डॉक्टरकडे नेते आहे." त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपले नाही.

एडिंबरा 56 अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. जेमतेम सात तासांचा उजेड, तोही बहुधा ढगाआडचा. आपल्याकडचा सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. मुलगी अंधारात प्रयोगशाळेत शिरायची आणि अंधारातच बाहेर पडायची.

याचे परिणाम दोन, आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला हाडांचा. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके बळ नसते, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन अधिकच लागते. म्हणून तिथले आरोग्यखाते हिवाळ्यात सर्वांनाच रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा म्हणते, आणि सावळ्या लोकांना वर्षभर. मुलीच्या रक्तात ते फारच कमी निघाले. गोळ्यांनी पायांचे दुखणे हळूहळू गेले.

दुसरा मनाचा. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत शिकायला आलेल्या नॉर्मन रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञाला दर हिवाळ्यात स्वतःलाच मरगळ येते हे जाणवले. पुढे 1984 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुमानानुसार येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन प्रसिद्ध केले. झोप वाढते, गोड व भाताब्रेडचे खाणे वाढते, कशातच रस राहत नाही. काहींचे खाणे सुटते, तसे माझ्या मुलीचे सुटले होते. यावर ड जीवनसत्त्व हे औषध नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. समुपदेशन, सकाळी बाहेर चालणे, कधी दिव्यासमोर अर्धा तास बसणे, गरज पडल्यास गोळ्या. दिवाही डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः डोळ्यांचा विकार असेल किंवा मन कधी अति उल्हसित, कधी अति खिन्न होत असेल तर.

पण मुलगी आधी डॉक्टरकडे का गेली नाही? पैसे पडतील म्हणून! तिच्या व्हिसाच्या अर्जाबरोबर वर्षाला 470 पौंड आरोग्यशुल्क मीच भरले होते. (फेब्रुवारी 2024 पासून विद्यार्थ्यांना ते 776 पौंड झाले.) ते कशासाठी हे ना मी वाचले, ना तिने. ते भरले की तिथल्या सरकारी सेवेच्या डॉक्टरला भेटायला वेगळी फी नाही. स्कॉटलंडमध्ये लिहून दिलेली औषधेही फुकट मिळतात, इंग्लंडमध्ये औषधांना पैसे पडतात. मात्र जवळच्या डॉक्टरकडे नाव आपणच जाऊन नोंदवावे लागते.

मुलगी सावरली. प्रबंध उशिरा, पण पुरा झाला. घरी आल्यावर एकदाच म्हणाली, "बाबा, पेशंटला तुम्ही असं बोलला असतात का?" मी उत्तर दिले नाही.

त्या गृहस्थांना मी गोळ्यांऐवजी एक कागद लिहून दिला. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे नाव नोंदवणे. ऑक्टोबरपासून ड जीवनसत्त्व. दुपारी उजेडात अर्धा तास चालणे. डॉक्टर बंद असताना सल्ल्यासाठी 111, जिवावर बेतले तर 999. मन फारच खचले आणि कोणाशी बोलावेसे वाटले तर 116 123, तो फोन फुकट लागतो. खाली वडिलांसाठी वेगळी ओळ लिहिली: "ठीक आहे" ऐकल्यावर फोन ठेवू नये, आज काय जेवलास आणि किती वाजता उठलास हे विचारावे, उत्तर काहीही आले तरी रागावू नये.

त्यांनी दोनदा वाचून कागद घडी करून यादीत ठेवला. दारापाशी थांबून विचारले, "डॉक्टर, चिवडा तरी नेऊ द्यायचा ना?"

मी म्हटले, "चिवडा नेऊ द्या. अँटिबायोटिक तेवढे काढून ठेवा."