तळघरातली गाडी आणि पॉलिसीतली अट

2022च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीला लागून असलेल्या यमलूरमध्ये बंगल्यांच्या दारातल्या महागड्या गाड्या पाण्यात बुडाल्या आणि आउटर रिंग रोडच्या परिसरातले आयटीवाले ट्रॅक्टरमधून कामावर गेले. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावरच्या, मोठी नदी नसलेल्या शहरात पूर यावा, याचं देशभर आश्चर्य झालं. पण उत्तर जमिनीच्या उतारातच होतं. इथलं पाणी राजकालुवे म्हणजे जुन्या मोठ्या नाल्यांनी बेळ्ळंदूर तलावात, तिथून वर्तूर तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जातं. त्या वाटेवर इमारती उभ्या राहिल्या आणि पाणी तळघरांत शिरलं. मारतहळ्ळीत गाडी ठेवणाऱ्याने विमा घेताना हा उतार स्वतःच ध्यानात घ्यायला हवा, कारण हप्त्याच्या आकड्यात तो फारसा दिसत नाही.

हप्त्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो देशभर एकच असतो: 1 जून 2022पासून 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला 3,416 रुपये, मग ती गाडी मारतहळ्ळीत धावो की कोल्हापुरात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात मात्र जागा मोजली जाते. 2002च्या मोटर टॅरिफने देशाचे दोन झोन केले. बेंगळुरू, मुंबई, पुणे धरून आठ मोठी शहरं ‘ए’मध्ये, बाकी सगळा देश ‘बी’मध्ये, आणि झोन ठरतो तो गाडीच्या नोंदणीवरून. पाच वर्षांच्या आतल्या याच गटातल्या गाडीला ‘ए’त 3.283 टक्के, ‘बी’त 3.191 टक्के. सहा लाख किमतीच्या गाडीवर फरक पडतो 552 रुपयांचा. 2007मध्ये कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, तरी ही विभागणी अजून वापरात आहे. तिच्यात पाण्याचा हिशेब नाही. 2019 आणि 2021मध्ये पंचगंगेने वेढलेलं कोल्हापूर स्वस्त झोनमध्ये आहे. म्हणजे एमएच-09 पाटीची गाडी घेऊन मारतहळ्ळीत नोकरीला आलेल्या माणसाचा हप्ता कोल्हापूरचा आणि तळघर मात्र यमलूरच्या शेजारचं, असं होऊ शकतं. बारा महिन्यांहून जास्त मुक्काम असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47नुसार इथला नंबर घ्यावा लागतो. तो घेताना विमा कंपनीलाही कळवलं पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं की, परिसराची जोखीम हप्त्यात शोधू नये, अटींत शोधावी. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, हे खरं. पण गाडीत पाणी शिरल्यावर खरं महाग पडतं ते इंजिन. हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये जातं, हवेसारखं ते दाबलं जात नाही, आणि कोणी चावी फिरवली की पिस्टनला जोडणारा दांडा वाकतो. सर्व्हेअर हे नुकसान पुराचं न मानता चावी फिरवल्याने झालेलं परिणामी नुकसान मानतो, आणि साध्या पॉलिसीत परिणामी नुकसान येत नाही. इंजिन प्रोटेक्ट हे जोडकलम याच फटीसाठी आहे.

‘दरवर्षी थोडाच पूर येतो, पैसे वाया जातात’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर तो बरोबरच आहे. पण आपण राहतो आठव्या मजल्यावर आणि गाडी असते जमिनीखाली दोन मजले. विमा गाडीच्या मजल्याचा घ्यायचा असतो. आणि पैसे वाचवायचेच तर दुसरीकडे वाचतात. रिंग रोडच्या रांगेत बंपर घासणं नेहमीचं. समजा सहा हजारांचा बंपर बदलला. प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापला जातो, वर 1,000 रुपये सक्तीची कपात. हातात येतात दोन हजार. पाच वर्षं क्लेम न केल्याने मिळालेला 50 टक्के नो क्लेम बोनस मात्र जातो. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ आठ हजारांचा हप्ता चारवर आला असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला चार हजार जास्त. घसारा कापू न देणारं झिरो डेप हे जोडकलम घेतलं तरी बोनस जायचा तो जातोच. रोजचे ओरखडे खिशातून भरावेत आणि विमा मोठ्या घावासाठी राखावा, असं मला ठामपणे वाटतं.

मग पिनकोडनिहायच हप्ता का नको, असं कोणी विचारेल. हिशेबाने ते बरोबर दिसतं, न्यायाने मला पटत नाही. राजकालुव्यावर बांधकामाला परवानगी देणारे वेगळे, आणि हप्ता वाढणार तो तिथे भाड्याने राहणाऱ्याचा. नाले मोकळे करण्याचा खर्च शहराने उचलायला हवा. तो रहिवाशाच्या पॉलिसीत ढकलणं बरोबर नाही. नाले मोकळे होईपर्यंत गाडीवाल्याने आपल्यापुरतं एवढं पाहावं: पाणी ओसरल्यावर चावी फिरवायची नाही, खांबावर आणि दारावर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून गॅरेजला न्यायची.