मुन्शी, शाहीर आणि नाटककार

रमजान हा कुरआनचा महिना मानला जातो. मक्केजवळच्या हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांना जो पहिला संदेश मिळाला, त्यात वाचण्याची आज्ञा होती आणि कलमाचा उल्लेख होता. कुरआनच्या ६८व्या अध्यायाचे नावच 'अल्-कलम' आहे. हा अरबी शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. लिहायचे ते कलम, कायद्यातले तेही कलम आणि हापूसचे लावतात तेही कलमच.

कलम एक असले तरी ते चालवणाऱ्यांना नावे अनेक आहेत. गोष्ट, नाटक, सिनेमा लिहिणाऱ्याला लोक कोणत्या नावाने हाक मारतात, यावरून त्याला किती मान मिळतो तेही कळते.

उर्दूत गोष्ट सांगणारा तो 'दास्तानगो'. फारसीत 'गो' म्हणजे सांगणारा. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले शेवटचे नामवंत दास्तानगो. ते १९२८ साली वारले. कथा लिहिणारा तो 'अफसानानिगार'. 'निगार' म्हणजे चित्र, नक्षी. म्हणजे शब्दांनी चित्र काढणारा. नुसते लिहिणारा तो 'नवीस'. हा नवीस तर महाराष्ट्रात घरोघर आहे. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्द म्हणजे नोंदींची यादी ठेवणारा फडणीस, फारसी लिहिणारा पारसनीस आणि घडलेल्या घटना टिपणारा वाकनीस. या सगळ्या आडनावांच्या शेवटी तोच नवीस बसलेला आहे.

मराठीने नाटक लिहिणाऱ्याला 'नाटककार' म्हटले, कथा लिहिणाऱ्याला 'कथाकार' आणि सिनेमा आला तेव्हा 'पटकथाकार'. यातला 'कार' संस्कृतातला, करणारा, घडवणारा. कुंभकार मडके घडवतो, तसा नाटककार नाटक घडवतो. उर्दूतही 'फनकार', 'अदाकार', 'कलमकार' हे शब्द आहेत. तिथला 'कार' फारसी आहे. संस्कृत आणि फारसी या एकाच भाषाकुळातल्या बहिणी असल्याने हे दोन्ही 'कार' एकाच मुळातून आलेले आहेत.

'शाहीर' हाही अरबी 'शाइर'च. मूळ अर्थ, ज्याला जाणवते तो. पेशवाईतले सगनभाऊ जन्माने मुसलमान. त्यांच्या लावण्या आणि पोवाडे मराठीचे धन आहे. बार्शीचे मेहबूब पटेल संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख म्हणून गाजले.

मानाच्या या नावांत एक नाव मात्र उतरणीला लागले, ते 'मुन्शी'. अरबीत 'इन्शा' म्हणजे रचना करणे, नवे निर्माण करणे. मुन्शी म्हणजे रचनाकार. पण दरबार गेले आणि मुन्शी हा कारकुनाचा, हिशेबनिसाचा शब्द होऊन बसला. पारशी नाटक कंपन्यांत नाटक लिहिणाऱ्याला मुन्शीच म्हणत. तो पगारी माणूस. मालक सांगेल तसे लिहून द्यायचे. बनारसला जन्मलेले आगा हश्र काश्मिरी याच रंगभूमीवर मोठे झाले. त्यांच्या 'यहूदी की लडकी' या नाटकावरून पुढे १९५८ साली बिमल रॉय यांनी 'यहूदी' चित्रपट काढला.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि भारतीय सिनेमा बोलू लागला. बोलायचे तर संवाद हवेत. मग नाटक कंपन्यांतला मुन्शी आपल्या नावासकट स्टुडिओत आला. १९३४ साली प्रेमचंद अजंटा सिनेटोनसाठी लिहायला मुंबईत आले, पण तिथे त्यांचे मन रमले नाही आणि पुढच्याच वर्षी ते परतले. सआदत हसन मंटो यांनी १९३७ च्या 'किसान कन्या' या रंगीत चित्रपटाचे संवाद लिहिले. आज ज्यांच्या कथा जगभर वाचल्या जातात, त्यांचीही गणना स्टुडिओत मुन्शी म्हणूनच होई.

ही परिस्थिती कशी बदलली, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९७३ साली 'जंजीर' प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर लेखकांचे नाव नव्हते. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी एक रंगारी गाठला आणि त्याच्याकडून पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. त्यानंतर 'सलीम-जावेद' हे नाव पोस्टरवर ठळकपणे झळकू लागले.

नाव मिळाले तरी मोबदल्याचा प्रश्न उरलाच होता. एकदा पैसे घेतले की लेखकाचा त्या लेखनावर पुढे काही हक्क उरत नसे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी तिचा जोरदार पाठपुरावा केला होता. चित्रपटगृहाबाहेर त्या लेखनाचा वा गीताचा वापर झाला, तर रॉयल्टीचा वाटा लेखकाचा. आणि हा हक्क करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. कलम चालवणाऱ्याला शेवटी कायद्याच्या कलमाचा आधार मिळाला.

आता ईद येईल. सकाळी शीरखुर्मा होईल, शेजारीपाजारी वाट्या जातील आणि अनेक घरांतली मंडळी नवा सिनेमा पाहायला निघतील. थिएटरात खुर्ची शोधण्याच्या, पॉपकॉर्न सांभाळण्याच्या गडबडीत पडद्यावर 'कथा, पटकथा, संवाद' अशी एक ओळ येऊन जाते. मराठी नाटकाला तिसरी घंटा झाली की घोषणेत लेखकाचे नाव येते, तेव्हाही प्रेक्षागृहात कुजबुज चालूच असते. तेवढा एक क्षण थांबून ते नाव वाचावे, ऐकावे. पोस्टरवर ते यावे म्हणून कुणाला तरी रंगारी गाठावा लागला होता.