गुरांमागची शाळा

'या मुलांना शिक्षणाची गोडीच नाही' असे आपण पुष्कळदा ऐकतो. दोष मुलाच्या पदरात टाकला की शिक्षकाचा भार हलका होतो. पण मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे का जाऊ नये? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यातून निघालेल्या शिकवण्याच्या वेगळ्या वाटांची येथे थोडक्यात ओळख करून देत आहे.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह काढले. आपल्याकडे मात्र या पद्धतीची साधने महाग पडत. त्यामुळे ती शहरातील सुखवस्तू घरांपुरती राहण्याची भीती होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंना हे रुचणारे नव्हते. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा या शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत गेल्या. अंगणात मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, मग खेळ आणि गाणी! हीच अंगणवाडी. महागड्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. लहानमोठे शिंपले ओळीने मांडताना आकाराची जाण येते, बिया मोजताना संख्या कळते. आधी हाताला आणि डोळ्यांना वस्तूची ओळख, मग पाटीवर अक्षर, असा हा क्रम. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरांमागे असत. गुरे सोडून शाळेत या, असे सांगणे म्हणजे घरच्या भाकरीवर पाणी सोडा, असे सांगणे होते. म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' भरू लागली. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीची अडचण निराळी. तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव 'विकासवाडी'.

नावीन्याची हौस म्हणून यांतले काहीच झाले नाही. प्रत्येक पद्धतीमागे मुलाची एक खरी अडचण आहे. ती न पाहता केवळ गाणी आणि खेळ उचलले, तर तोही एक ठरीव पाठच होईल.

आम्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्यापैकी अनेकजण घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेले आहेत, मीही त्यांतलाच. आमच्यामागे गुरे नसतील, पण ग्रंथांची भाषा परकी वाटते आणि चारचौघांत शंका विचारताना जीभ अडखळते. 'समजले ना?' या प्रश्नानंतर वर्गात पसरणारी शांतता हा नेहमीच होकार नसतो. शंका चिठ्ठीवर लिहून घेतल्या, अवघड संज्ञा आमच्या बोलीत मांडून दाखवली, तरी पुष्कळ अंतर कमी होईल. अर्थात आपली अडचण बोलून दाखवण्याचे धैर्य आम्हालाही करावे लागेल. गुरुजनांनी एक पाऊल पुढे यावे, दुसरे आम्ही टाकू.