दाहाशी निगडित चिंता आणि पूरक पोषके : ओमेगा-३ चा अभ्यास

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, परीक्षा जवळ आली की छातीत धडधडणे, पोटात गोळा येणे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप न लागणे हे अनुभव तुमच्यापैकी अनेकांना नवे नाहीत. अशा वेळी वसतिगृहातला एखादा मित्र सांगतो, ‘तुझ्या शरीरात दाह वाढलाय, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घे.’ मोबाईलवरचा एखादा व्हिडिओही तेच सांगतो, आणि खानावळीच्या पैशांतून वाचवलेली रक्कम एका डबीवर खर्च होते.

हा सल्ला पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही. त्यात खरे किती, हे ओळखता आले पाहिजे. प्रश्न केवळ पैशांचा नाही. ज्याला उपचारांची गरज आहे, त्याचे महत्त्वाचे महिने कॅप्सूलच्या भरवशावर वाया जाऊ शकतात.

या पाठात आपण पुढील मुद्दे पाहणार आहोत :

१. दाह म्हणजे काय आणि त्याचा मनाशी संबंध कसा येतो?
२. वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगाने काय दाखवले आणि काय दाखवले नाही?
३. डबीवरचे लेबल कसे वाचावे?
४. पूरके घेताना कोणती काळजी घ्यावी?

१. दाह म्हणजे काय?

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. हा तीव्र दाह. रोगप्रतिकारक पेशी जंतूंशी लढण्यासाठी तिथे जमतात आणि काम झाले की दाह ओसरतो. म्हणजे दाह हा मुळात आपला रक्षक आहे.

कधी कधी मात्र तो मंद आचेवर दीर्घकाळ चालू राहतो. स्थूलता, धूम्रपान, अपुरी झोप, हिरड्यांचे आजार, संधिवातासारखे विकार आणि दीर्घकाळचा मानसिक ताण ही त्याची काही कारणे आहेत. अशा दाहात सूज दिसत नाही, पण रक्तात काही खुणा आढळतात. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सायटोकाइन नावाची प्रथिने वापरतात. आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा ही त्यांपैकी दोन. आयएल-६ वाढले की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन जास्त तयार करते. रक्तातील सीआरपीची तपासणी बहुतेक प्रयोगशाळांत होते.

२. दाहाचा निरोप मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

ताप आलेला दिवस आठवा. जेवण नकोसे होते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, अंगात त्राण राहत नाही, मन उदास आणि बेचैन होते. हे बदल केवळ जंतूंमुळे होत नाहीत. सायटोकाइनचा निरोप मेंदूला मिळाला म्हणून वर्तन बदलते. हा निरोप मुख्यतः तीन मार्गांनी जातो :

- व्हेगस मज्जातंतू पोटातील आणि छातीतील अवयवांची खबर मेंदूला देतो.
- मेंदूच्या काही भागांत रक्त आणि मेंदू यांमधील अडसर सैल असतो. तिथून सायटोकाइनचा परिणाम आत पोहोचतो.
- मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी जाग्या होतात आणि स्वतःच सायटोकाइन तयार करू लागतात.

याशिवाय दाहामुळे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची वाट बदलते. एरवी त्याचा काही भाग सेरोटोनिन तयार करण्यासाठी वापरला जातो. दाह वाढला की त्यातील अधिक भाग कायन्युरेनिनच्या वाटेने जातो.

या संबंधाचा ठळक पुरावा रुग्णालयांतून मिळाला. पूर्वी हिपॅटायटिस-सी या आजारावर इंटरफेरॉन-अल्फा हे औषध दिले जाई. ते स्वतःच एक सायटोकाइन आहे. उपचार सुरू झाल्यानंतर अनेक रुग्णांमध्ये नैराश्य आणि अस्वस्थता दिसू लागली. म्हणजे दाहामुळे मनःस्थिती बिघडू शकते, हे सिद्ध आहे.

पण इथे थांबून विचार करा. ‘दाहामुळे चिंता वाढू शकते’ या विधानावरून ‘प्रत्येक चिंता दाहामुळेच असते’ असे सिद्ध होत नाही. पावसाने अंगण ओले होते, म्हणून ओले दिसणारे प्रत्येक अंगण पावसानेच भिजलेले नसते.

३. ओहायोचा प्रयोग

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६८ वैद्यकीय विद्यार्थी होते. त्यांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, दोन गटांत विभागणी केली. एका गटाला १२ आठवडे रोज सुमारे अडीच ग्रॅम ओमेगा-३ मेदाम्ले दिली. त्यात २०८५ मि.ग्रॅ. ईपीए आणि ३४८ मि.ग्रॅ. डीएचए होते. दुसऱ्या गटाला प्लॅसिबो, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पण ओमेगा-३ चा डोस नसलेल्या कॅप्सूल दिल्या. परीक्षेच्या आधी आणि तुलनेने निवांत काळात अशा दोन्ही वेळी रक्ताचे नमुने घेतले.

निष्कर्ष असे होते : प्लॅसिबो गटाच्या तुलनेत ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये चिंतेची लक्षणे २० टक्क्यांनी कमी आढळली. त्यांच्या रक्तपेशींना प्रयोगशाळेत उत्तेजित केल्यावर तयार झालेले आयएल-६ हे १४ टक्क्यांनी कमी होते. नैराश्याच्या लक्षणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

४. हा प्रयोग कसा वाचावा?

प्रयोगाची रचना चांगली आहे, निकालही आशादायक आहे. तरीही तुम्ही पुढील प्रश्न विचारलेच पाहिजेत.

*सहभागी कोण होते?* निरोगी विद्यार्थी. चिंताविकाराचे निदान झालेले रुग्ण म्हणून त्यांची निवड केलेली नव्हती. त्यामुळे हे निष्कर्ष रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

*संख्या किती?* ६८. एवढ्या छोट्या गटात योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता मोठ्या गटापेक्षा जास्त असते.

*काय मोजले?* १४ टक्क्यांची घट ही प्रयोगशाळेत जिवाणूंच्या घटकाने चेतवलेल्या रक्तपेशींमधली आहे. मेंदूतील दाह इथे मोजलेला नाही.

*कारणाची साखळी पूर्ण आहे का?* दाह कमी झाला आणि चिंताही कमी झाली. पण दाह कमी झाला म्हणूनच चिंता कमी झाली का? याच संशोधकांनी २०१२ मध्ये १३८ मध्यमवयीन आणि वयस्क व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ओमेगा-३ मुळे रक्तातील आयएल-६ कमी झाले, पण नैराश्याच्या लक्षणांत लक्षणीय बदल झाला नाही. म्हणजे दाह उतरला की मनही हलके होईलच, याची खात्री नाही.

पुढे २०१८ मध्ये १९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ११ देशांतील २२४० व्यक्तींची माहिती होती. ओमेगा-३ मुळे चिंतेची लक्षणे काही प्रमाणात कमी होतात, असे त्यात दिसले. हा परिणाम रोज किमान २००० मि.ग्रॅ. मात्रा असलेल्या चाचण्यांत आढळला, कमी मात्रेच्या चाचण्यांत नाही. तसेच आधीपासून एखाद्या आजाराचे निदान झालेल्या व्यक्तींमध्ये तो अधिक होता.

५. कोणाला उपयोग होईल?

नैराश्यावरील एका प्रयोगातून इथे महत्त्वाचा धडा मिळतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या प्रभावी दाहविरोधी औषधाचा प्रयोग झाला. सर्वांचा एकत्र विचार करता औषध प्लॅसिबोपेक्षा सरस ठरले नाही. पण ज्यांचे सीआरपी सुरुवातीला लिटरमागे ५ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त होते, त्यांच्यात निकाल औषधाच्या बाजूने झुकला. ज्यांचे सीआरपी कमी होते, त्यांच्यात प्लॅसिबो घेणारेच अधिक सुधारले.

यातून काय शिकायचे? ज्याच्या शरीरात दाह आहे, त्यालाच दाहविरोधी उपायाचा फायदा होण्याची शक्यता आहे. पण सीआरपी वाढले म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. साध्या सर्दी-तापानेही ते वाढते. म्हणून अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

६. लेबलचे गणित

एक उदाहरण सोडवू. बाजारातील नेहमीच्या कॅप्सूलवर ठळक अक्षरांत ‘१००० मि.ग्रॅ. फिश ऑइल’ असे लिहिलेले असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘ईपीए १८० मि.ग्रॅ., डीएचए १२० मि.ग्रॅ.’ असे सापडते. म्हणजे कामाची मेदाम्ले ३०० मि.ग्रॅ.च आहेत.

ओहायोच्या प्रयोगातील रोजची मात्रा : २०८५ + ३४८ = २४३३ मि.ग्रॅ.
लागणाऱ्या कॅप्सूल : २४३३ ÷ ३०० = सुमारे ८.

रोज आठ कॅप्सूल घेतल्या तर ६० कॅप्सूलची डबी आठवडाभरच पुरेल. शिवाय प्रयोगात ईपीएचे प्रमाण डीएचएच्या सुमारे सहापट होते, इथे ते दीडपटच आहे. म्हणजे ‘संशोधनाने सिद्ध’ असे सांगून विकलेली रोजची एक कॅप्सूल ही प्रयोगातील मात्रा नव्हेच. हे गणित खर्च समजण्यासाठी आहे. स्वतःच्या मनाने आठ कॅप्सूल सुरू करण्यासाठी नाही.

शाकाहारी विद्यार्थी जवसाबद्दल विचारतात. जवसात एएलए हे ओमेगा-३ भरपूर असते. मात्र शरीर त्याचा थोडाच भाग ईपीएमध्ये बदलू शकते. जवसाची चटणी जरूर खा, ती पौष्टिक आहे, पण तिला माशाच्या तेलाच्या मात्रेचा पर्याय समजू नका. शैवालापासून काढलेले तेल हा थेट शाकाहारी पर्याय आहे. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली हे चांगले स्रोत आहेत.

७. इतर पूरके आणि सावधगिरी

- कर्क्युमिन : हळदीतील हा घटक रक्तात फार कमी शोषला जातो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील १९९८ च्या अभ्यासात मिऱ्यातील पायपेरिनसोबत दिल्यावर माणसांत त्याची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. पण पायपेरिन इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकते. हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. जेवणातली हळद ही वेगळी गोष्ट आहे.
- अश्वगंधा : काही छोट्या भारतीय चाचण्यांत ताण कमी झाल्याचे दिसले. मात्र यकृताच्या इजेच्या नोंदी आहेत. थायरॉइडच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी ती स्वतःहून घेऊ नये.
- ड जीवनसत्त्व : कमतरता असल्यास ते घ्यायलाच हवे. पण आठवड्याला एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी चुकून रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.
- ओमेगा-३ : ढेकर आणि पोट बिघडणे हे सामान्य त्रास आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

भारतात अशी उत्पादने अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमांखाली अन्न म्हणून विकली जातात. २०१६ च्या विनियमांनुसार त्यांच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी सूचना आवश्यक आहे. पुढच्या वेळी डबी हातात घ्याल तेव्हा ती शोधा. चिंता बरी करण्याचा दावा आणि ही सूचना एकाच वेळी खरे कसे असतील?

८. तुम्ही काय कराल?

प्रथम लक्षणे मोजा. जीएडी-७ या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न असतात. एकूण गुण ० ते २१. गुण १० किंवा अधिक असतील तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळेही धडधड आणि बेचैनी होते. कॅप्सूलच्या नादात ही कारणे नजरेआड होऊ देऊ नका.

दुसरे, दाहाच्या मुळाशी असलेल्या सवयींकडे पाहा : झोप, व्यायाम, तंबाखू, दात आणि हिरड्या. तिसरे, डॉक्टरांनी दिलेले औषध पूरकाच्या भरवशावर कधीही बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञ आणि बोधात्मक वर्तन उपचार यांचा चिंताविकारात उपयोग होतो, याचे पुरावे कितीतरी भक्कम आहेत. पूरक घ्यायचेच असेल तर नावाप्रमाणे ते उपचारांना पूरक असावे, आणि कोणते, किती व का घेता हे डॉक्टरांना माहीत असावे.

त्रास असह्य वाटत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

सारांश

दाह मनःस्थिती बिघडवू शकतो, पण प्रत्येक चिंतेच्या मुळाशी दाह नसतो. ओमेगा-३ मुळे चिंतेची लक्षणे काहीशी कमी होतात, असे पुरावे आहेत. हा परिणाम मर्यादित आहे आणि पुरेशी मात्रा असेल तरच दिसतो. पूरक म्हणजे उपचार नव्हे.

स्वाध्याय

१. आयएल-६ आणि सीआरपी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
२. २०११ आणि २०१२ च्या प्रयोगांची तुलना करून ‘दाह कमी झाला की मनःस्थिती सुधारते’ या विधानाची चिकित्सा करा.
३. एका कॅप्सूलमध्ये ३६० मि.ग्रॅ. ईपीए आणि २४० मि.ग्रॅ. डीएचए आहे. रोज २००० मि.ग्रॅ. मात्रेसाठी किती कॅप्सूल लागतील?
४. तुमच्या ओळखीतील एका पूरकाचे लेबल वाचा. त्यावरील दावा, प्रत्यक्ष घटक आणि सूचना यांची नोंद करा.